मुरमावर टर्बो गाडी जागेवरून उचलायची कशी? (ऑटोक्रॉस)

निळी_पोलो (जालना)

राम राम मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी पोलो, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कागदावर ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. इंजिन, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) सगळं कंपनीचंच, फक्त टायर बदललेत. संभाजीनगरकडं मुरमाच्या मैदानावर ऑटोक्रॉसला (शंकू मांडलेल्या वाटेवर एकेक गाडी वेळ लावून पळवायची स्पर्धा) जायला लागलोय, नवशिक्यांच्या गटात. वळणांत बरं चाललंय, पण स्टार्टलाच गणित बसत नाही. दोन हजारावर क्लच सोडला की गाडी मान टाकते, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग टर्बो असा अंगावर येतो की पुढची दोन्ही चाकं जागेवर गरगरतात. चार हजारावर सोडला तर पहिल्यापासूनच गरगरतात. धुरळा उडतो, पोरं शिट्ट्या मारतात, आणि माझ्यानंतर सुटलेली साधी बिनटर्बोची स्विफ्ट पहिल्या कोनापर्यंत (वाट दाखवणाऱ्या शंकूपर्यंत) माझ्याहून कमी वेळात पोचते. मित्रानं दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून दाखवलं.

तर टर्बो गाडीत आरपीएम किती धरायचा? बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो तो हवेचा जादा दाब) आधीच भरून ठेवायची काही युक्ती असते का? लाँच कंट्रोल (सुटताना आरपीएम आपोआप धरून ठेवणारी सोय) बसवून घेऊ का?

लातूरकर_डिझेल

पहिला प्रतिसाद माझा! आपली जुनी स्विफ्ट डिझेल, १.३ मल्टिजेट. दोन हजाराच्या खाली ती झोपलेलीच असते, हे लातूरपासून उदगीरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं दुखणं समजलं, औषध माहीत नाही. बसलोय वाचत.

दोन_पेडल (नांदेड)

सोपं आहे. ४५०० वर धरायचं आणि क्लचवरून पाय काढून घ्यायचा. टर्बो आधीच फिरत असला पाहिजे, मग लॅगचा (टर्बो उशिरा जागा होण्याचा) प्रश्नच येत नाही. यूट्यूबवर सगळे असंच करतात.

खडी_क्रशर (संभाजीनगर)

@दोन_पेडल, यूट्यूबवरचे ते सगळे डांबरावर असतात आणि निम्म्यांच्या गाड्यांची चारही चाकं ओढतात. इथं पुढची दोनच ओढणार आणि खाली मुरूम. ४५०० वर पाय काढलास तर चाकांपाशी काय पोचतं ते नीट बघ. इंजिनचा टॉर्क (फिरवायचा जोर) पोचत नाही, क्लच जेवढा पेलू शकतो तेवढा अख्खा टॉर्क पोचतो, कारण फिरणारं फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती) एका झटक्यात आपली सगळी ऊर्जा ओतून मोकळं होतं. क्लच इंजिनपेक्षा बराच जास्त पेलणारा बनवलेला असतो. म्हणजे १७५ च्या गाडीत टायरवर अडीचशेचा तडाखा. टायर सुटणारच. आणि टायर नाही सुटला तर ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) सांधा सुटेल, ते आणखी महागात.

आता पोलोवाल्या भावाचं. तुझ्या प्रश्नातच एक गैरसमज बसलाय, तो आधी काढू. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून रेस केली तर बूस्ट भरत नाही. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर, आणि गॅस तयार होतो इंजिनवर भार आला की. क्लच दाबलेला असताना ३५०० आरपीएम धरायला थ्रॉटल जेमतेम उघडावा लागतो. हवा कमी, इंधन कमी, गॅस कमी. काटा वर दिसतो, पण टर्बो आळसावलेलाच असतो. क्लच पकडतो, तू रेस पूर्ण देतोस, तेव्हा कुठं त्याला गॅस मिळायला लागतो आणि अर्ध्या-एक सेकंदानं तो जागा होतो. नेमकं तेव्हाच गाडी दहा-पंधराच्या वेगात असते, पहिला गिअर असतो, आणि पुढच्या चाकांवरचं वजन मागं सरकलेलं असतं. म्हणजे बूस्ट यायची याहून वाईट वेळ नाही.

दोन वेगळ्या गोष्टी लोक एकाच पोत्यात भरतात. इंजिन ठरावीक आरपीएमच्या खाली असेल तर कितीही रेस द्या, पूर्ण बूस्ट मिळतच नाही. तुझ्या इंजिनाला पूर्ण टॉर्क १७५० पासून मिळतो, तेव्हा ती अडचण तुला फारशी नाही. दुसरी गोष्ट, त्या आरपीएमच्या वर असतानाही रेस दिल्यापासून बूस्ट येईपर्यंत जो वेळ जातो तो. तोच तुला नडतोय. दोन हजारावर क्लच झटक्यात सोडलास की आरपीएम आणखी पडतो, म्हणजे पहिली अडचणही तू आपणहून ओढवून घेतोस.

माझं मत स्पष्ट आहे: मुरमावर पहिल्या गिअरमध्ये तुला बूस्ट नकोच आहे. त्याला दूर ठेवायचं शीक. बाकी आकडे @गुणोत्तर देतील, त्यांना मोह आवरत नाही.

गुणोत्तर (वाळूज)

बोलावलंत म्हणून आलो. :)

गाडी आणि चालक मिळून ११५० किलो धरू. त्यातलं ६२ टक्के पुढं, म्हणजे सुमारे ७१० किलो. व्हीलबेस २.४७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर. मुरमावर घर्षणाचा गुणांक ०.५, कोरड्या डांबरावर ०.९. शेवटचे तीन आकडे अंदाजाचे आहेत, मैदानागणिक बदलतील, पण चित्र तेच राहील.

गाडी पुढं झेपावते तसं वजन मागं जातं. मुरमावर साधारण ७० किलो, डांबरावर १२० च्या आसपास. ते वजा जाता पुढच्या टायरला जेवढी पकड उरते तिच्यावर मुरमात जास्तीत जास्त ०.२८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.२८ पट) त्वरण मिळू शकतं, डांबरावर ०.४६. याच्यावर कितीही ताकद लावा, ती धुळीत जाणार.

आता उलट जाऊ. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १४ धरलं, दहा टक्के गिअरबॉक्सनं खाल्ले, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. तर ०.२८ जी साठी इंजिनाकडून टॉर्क लागतो फक्त ७५ न्यूटन मीटर. पुन्हा वाचा. पंचाहत्तर. तुमच्याकडं आहेत १७५. एक लिटरचं बिनटर्बोचं इंजिनसुद्धा ९० च्या आसपास देतं. ती स्विफ्ट तुमच्या पुढं का जाते याचं उत्तर इथंच आहे. तिच्याकडं हवा तेवढा टॉर्क आहे आणि तो पायाखाली एकसारखा येतो, कुठं उसळी नाही.

डांबरावर हाच आकडा १२५ होतो, म्हणजे तिथं थोडा बूस्ट हवाच. म्हणून डांबरावरचे सल्ले मुरमावर लागू करू नयेत.

एक पुरवणी. दुसऱ्या गिअरचं एकूण गुणोत्तर ८ धरलं तर मुरमाची मर्यादा गाठायला १३० लागतात. म्हणजे दुसऱ्यात बूस्ट हवा, पण तिथंही पूर्ण रेस दिली तर चाकं सुटतीलच. खडी_क्रशर यांच्या वाक्यात मी एवढीच भर घालीन.

लातूरकर_डिझेल

७५?? मग आम्ही १९० न्यूटन मीटरचं कौतुक कशाला करूलालोत इतकी वर्षं?

गुणोत्तर (वाळूज)

@लातूरकर_डिझेल, घाटात चार माणसं आणि मागं सोयाबीनची दोन पोती असताना करा ना. :)

निळी_पोलो (जालना)

दादा, डोक्यात उजेड पडला. पण मग करायचं काय नेमकं? किती आरपीएम, क्लच कसा, रेस कधी? पायांना कळेल असं सांगा.

खडी_क्रशर (संभाजीनगर)

सांगतो. निवांत बसून वाच.

आधी स्टीअरिंग सरळ. पहिला कोन डावीकडं आहे म्हणून काही पोरं आधीच चाकं वळवून उभी राहतात. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड कमी ते फुकट फिरतं आणि दुसऱ्यालाही तेवढंच मिळतं. शिवाय वळलेल्या स्थितीत ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यावर ताण वेगळाच.

हँडब्रेक निम्मा ओढ. मोजणी शेवटच्या दोनवर आली की क्लच पकडायच्या बिंदूपर्यंत वर आण. बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटेल, काटा शे-दोनशेनं खाली येईल. तिथंच थांब. या क्षणी शाफ्ट, माउंट, गिअर यांच्यातली सगळी ढील निघून गेलेली असते. विहिरीतून भरलेली बादली शेंदताना आपण आधी दोर ताणून घेतो आणि मग ओढतो, तसंच. इथं पाच-पाच सेकंद टांगून ठेवलास तर मात्र क्लचचा वास अख्ख्या मैदानाला येईल.

आरपीएम २५०० ते ३०००. त्याहून जास्त मुरमावर लागत नाही. सुटायच्या वेळी हँडब्रेक खाली, क्लच आणखी थोडा वर, पण पूर्ण सोडायचा नाही. गाडी हलली की पुढचा सेकंद-दीड सेकंद डावा पाय त्या घसरत्या भागातच ठेवायचा आणि उजवा पाय निम्म्या रेसवर. आता खरी मेख: गाडी हलल्यावर सगळ्यांचा उजवा पाय आपोआप खाली जातो. तुझा जायला नको. उलट टर्बो जागा होतोय असं वाटलं की पाय केसभर वर आला पाहिजे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हा घाबरला. वाटू दे.

चाकं किती घसरतात हे डोळ्यानं कळत नाही, कानानं कळतं. पुढच्या मडगार्डच्या आत मुरमाचे खडे वाजतात, तिकडं कान दे. काहीच वाजत नसेल तर गाडी मान टाकतेय. सुटे सुटे खडे तडतडत असतील तर बरोबर. एकसलग पाऊस पडल्यासारखा आवाज आला तर तू खड्डा खणतोयस. डांबरावर टायर थोडासाच घसरलेला बरा, दहा-पंधरा टक्के. सुट्या मुरमावर त्याहून जास्त चालतं, कारण वरचा भुगा उडवून टायरला खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायचं असतं. पण एकदा पोचला की थांबायचं.

रेडिओ बंद, काच खाली. हेल्मेटमधूनही ऐकू येतं, सवय होते.

गुणोत्तर (वाळूज)

क्लचच्या वासावरून. आरपीएम एका जागी धरून क्लच घसरवत गाडी उचलली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. पहिल्या गिअरला २५०० म्हणजे ताशी २० किलोमीटर, उष्णता साधारण २० किलोज्यूल. ४५०० म्हणजे ताशी ३६, उष्णता ६५. दुपटीपेक्षा कमी आरपीएम वाढला आणि उष्णता तिपटीहून जास्त, कारण हिशोब वर्गात वाढतो. चाकं घसरली तर क्लच लवकर जुळतो आणि उष्णता कमी होते हे खरं, पण मग ती ऊर्जा मुरूम उडवण्यात जाते.

म्हणून लागोपाठ सराव करत असाल तर मधे गाडी थंड होऊ द्या. क्लचचं अस्तर पातळ असतं, उष्णता आधी पृष्ठभागावरच साठते, आत मुरायला वेळ लागतो.

दोन_पेडल (नांदेड)

मान्य. मी बोललो ते डांबराचं समजा. आता माझी शंका. माझी आय२० एन लाइन, १.० टर्बो, डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). क्लचचं पेडलच नाही. मी काय करू?

खडी_क्रशर (संभाजीनगर)

तू ब्रेक दाबून रेस करून बघितली असशीलच. आजकालच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की ईसीयू रेस कापतो. एका मर्यादेत थोडा भार येतो, त्याच्यावर नाही. आणि डीसीटीत ब्रेकवर उभं राहून क्लच तापवला की गाडी स्वतःच इशारा देऊन लुळी पडते.

स्पोर्ट मोड, मॅन्युअलवर पहिला गिअर, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. मुरमावर ते चालू राहिलं तर चाक जरा घसरलं की ताकद कापतं आणि तू उभाच राहतोस. काही गाड्यांत बटण नुसतं दाबून अर्धंच बंद होतं, दाबून धरावं लागतं. मग ब्रेक सोडायचा, गाडी आपणहून सरकायला लागली की अर्ध्या सेकंदानं रेस, पायरीपायरीनं. पहिल्या दोन मीटरात तू मॅन्युअलवाल्याच्या मागं असशील. पण गिअर बदलताना डीसीटीत बूस्ट पडत नाही, तिथं भरपाई होते.

लातूरकर_डिझेल

आणि ते क्लचचं पेडल नसलेलं पण गिअरचा दांडा असलेलं, त्याचं काय? पाहुण्यांकडं आहे.

खडी_क्रशर (संभाजीनगर)

आयएमटी. त्यात क्लच मशीन सोडतं, तुला त्यात हात घालता येत नाही. एन लाइनमध्ये २०२१ ला ते आलं, २०२३ च्या गाडीपासून कंपनीनं सरळ पेडलवाला सहा गिअरचा बॉक्स दिला. पाहुण्यांना म्हणावं लग्नकार्याला वापरा, मैदानावर नको.

घड्याळवाला

मी बऱ्याच ठिकाणी स्टार्ट लाइनवर झेंडा घेऊन उभा असतो, म्हणून लिहितो. इथं सगळे क्लचवर चर्चा करताहेत, पण घड्याळ कधी सुरू होतं हे कुणीच विचारलं नाही.

काही ठिकाणी झेंडा पडला की घड्याळ सुरू. तिथं तुमची प्रतिक्रियाही वेळेत मोजली जाते, आणि आधी हललात तर दंड. काही ठिकाणी गाडीनं घड्याळाला जोडलेला प्रकाशाचा किरण कापला की सुरू, आणि तो किरण उभ्या रेषेच्या थोडा पुढं असतो. मग झेंडा पडल्यावर घाई करायचं कारणच नाही, गाडी नीट जुळवून सुटा. सकाळच्या ब्रीफिंगला हा एक प्रश्न विचाराच. निम्मे स्पर्धक तेव्हा चहाच्या गाड्यावर असतात.

दुसरं, जागा. दुपारपर्यंत आधीच्या गाड्यांनी स्टार्टला दोन खड्डे खणलेले असतात, बरोब्बर पुढच्या चाकांच्या अंतरावर. नवीन माणूस गाडी थेट त्याच खड्ड्यात आणून उभी करतो. मग सुटताना आधी खड्ड्याचा चढ चढायचा आणि वर सुटा मुरूम. चौकटीत बसत असेल तर वीतभर बाजूला घ्या. रेषेवर यायच्या आधी चालत जाऊन बुटानं जमीन खरवडून पाहिली तर कुणी हरकत घेत नाही. उलट सकाळच्या पहिल्या गाड्यांना सगळा भुगा वरच मिळतो, पुढच्या चार-सहा गाड्या तो झाडून काढतात, त्यामुळं मधल्या क्रमांकाला पकड सगळ्यांत चांगली असते. क्रमांक आपल्या हातात नसतो, पण त्याप्रमाणं पाय हलका-जड करता येतो.

काळ्या मातीच्या मैदानाचं तर विचारूच नका. वाळली की दगड, आणि रात्री शिडकावा झाला असेल तर टायरची नक्षी दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत.

पूर्णाकाठची (परभणी)

मी महिलांच्या गटात उतरते, गाडी नेक्सॉन पेट्रोल, म्हणजे टर्बोच. घड्याळवाले दादांना +१. चालत ट्रॅक बघताना मी स्टार्टपासून पहिल्या कोनापर्यंत पावलं मोजते. कारण लाँचपेक्षा मला त्याचा जास्त फायदा झालाय: दुसरा गिअर टाकायचा की नाही हे आधीच ठरतं.

पहिला कोन जवळ असेल तर मी पहिल्यातच राहते. लोक सवयीनं दुसरा टाकतात, तो लागेपर्यंत कोन येतो, मग ब्रेक, आणि वळणात गाडी दुसऱ्यात मेलेली. बूस्टही गेला आणि वेगही.

आणि टाकायचाच असेल तर उजवा पाय पूर्ण वर आणायचा नाही. थ्रॉटल बंद झाला की साठलेला दाब सोडला जातो, तो फुस्स आवाज येतो ना, तोच. मग दुसऱ्यात पुन्हा सगळी वाट बघणं आलं. निमिषभर पाय हलका, क्लच, गिअर, परत. सपाट पाय ठेवून गिअर टाकणारेही आहेत, पण ती गाडी मला सोमवारी ऑफिसला न्यायची असते.

गुणोत्तर (वाळूज)

ताईंचा मुद्दा आकड्यात. ०.२८ जी नं सुटलात तर ३० मीटरवर वेग ताशी ४६ आणि वेळ ४.७ सेकंद. पोलो पहिल्या गिअरला ६००० वर ताशी ४८ पर्यंत जाते. म्हणजे ३० मीटरच्या आत कोन असेल तर दुसऱ्याला हात लावायची गरजच नाही.

याच हिशोबात दुसरी गोष्ट. लाँच दहा टक्क्यांनी बिघडला तर त्या ३० मीटरांत पाव सेकंद जातो. नवशिक्यांच्या गटात एक कोन पाडला तर त्याहून जास्त दंड बसतो. प्रमाण लक्षात ठेवा.

जुनी_आरएस (शेंद्रा)

टर्बो आणि आपलं गाव म्हटल्यावर राहवलं नाही. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. ऑक्टाव्हिया इथंच जुळायची. २००४ च्या सुमाराला आरएस आली, १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, १५० पीएस, तेव्हा पेट्रोलला टर्बो असतो हे गॅरेजवाल्यांनाही नवल होतं. माझी अजून चालू आहे. मैदानावर मी ती नेत नाही, सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात. पण तिनं शिकवलेलं सांगतो: वळणात डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून उजव्यानं रेस चालू ठेवली की टर्बो झोपत नाही. (नव्या गाड्यांत ईसीयू रेस कापतो हे वर आलंच आहे.) ब्रेक मात्र भराभर तापतात.

अवांतर: पुढच्या चाकांच्या गाडीत टर्बो फुकट आहे असं इथं काहींना वाटायला लागलं असेल, त्यांच्यासाठी. जागतिक रॅली स्पर्धेत टर्बो गाडीनं पहिली रॅली जिंकली ती १९७९ साली, स्वीडनमध्ये, बर्फावर. चालक स्टिग ब्लॉमक्विस्ट, गाडी साब ९९ टर्बो. आणि ती पुढच्याच चाकांवर चालायची. डाव्या पायाच्या ब्रेकिंगमध्ये हा माणूस उस्ताद.

निळी_पोलो (जालना)

सगळ्यांचे आभार. लाँच कंट्रोलचं मात्र राहिलं. एक जण ईसीयूमध्ये टाकून द्यायला तयार आहे, अँटी-लॅगही म्हणतोय, फटाके वाजतात म्हणे.

खडी_क्रशर (संभाजीनगर)

फटाके वाजतात ते एक्झॉस्टमध्ये, टर्बोच्या तोंडाशी. अँटी-लॅग म्हणजे ठिणगी उशिरा देऊन किंवा जास्तीची हवा-इंधन पुढं ढकलून सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जाळ करायचा, म्हणजे रेस बंद असतानाही टर्बो फिरत राहतो. रॅलीच्या संघांना ठरावीक अंतरानं टर्बो बदलायचा असतोच, त्यांना परवडतं. तुझ्या टर्बाइनचं, मॅनिफोल्डचं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं मातेरं होईल.

साधा लाँच कंट्रोल ठिणगी कापून आरपीएम एका जागी धरतो, त्यानं थोडा बूस्टही तयार होतो. डांबरावर, चांगल्या टायरवर त्याचा उपयोग आहे. पण @गुणोत्तर यांचे ७५ आठव. जे तुला नकोच आहे ते तयार करायला पैसे घालून वॉरंटी कशाला घालवतोस? वर ईसीयूला हात लागला की कंपनीच्या स्थितीतल्या गाड्यांच्या वर्गातून बाहेर पडशील आणि जास्त ताकदीच्या गाड्यांसमोर उभा राहशील. नियमपुस्तिका वाच आधी.

त्याच पैशात टायर घे.

गुणोत्तर (वाळूज)

एप्रिल-मे मध्ये उतरणार असाल तर आणखी एक. ४३ अंशाला हवा २५ अंशापेक्षा सहा टक्के विरळ असते. टर्बो ते काही प्रमाणात भरून काढतो, पण रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहिलात तर इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) तापून बसतो आणि पहिल्या काही सेकंदांत ईसीयू ताकद कमीच देतो. रांगेत इंजिन बंद ठेवा, बोनेट उघडं ठेवा.

जुनी_आरएस (शेंद्रा)

पण फेरी संपल्या संपल्या बंद करू नका. मिनिटभर चालू राहू द्या. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागेवर जळतं. मग सावलीत लावा, मग बोनेट.

दोन_पेडल (नांदेड)

सराव कुठं करायचा पण? आमच्याकडं मैदान नाही. रात्री बायपास मोकळा असतो...

घड्याळवाला

बायपासही नाही आणि समृद्धीही नाही. रात्री बिनदिव्याची ट्रॉली समोर येते, आणि रस्त्यावरचा लाँच मुरमावर कामाचाही नाही. संयोजकांना फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सराव असतो. हेल्मेट स्वतःचं आणा, तिथलं घामानं ओलं असतं. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) मान्यतेची स्पर्धा असेल तर लायसन्स वेळेत काढा, अर्ज करायला शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

निळी_पोलो (जालना)

रविवारी जाऊन आलो. किरणावरचं घड्याळ होतं, विचारून घेतलं. खड्डे टाळून उजवीकडं उभी केली. २८०० च्या आसपास, निम्मी रेस. खडे ऐकायला येतात हो दादा! सकाळच्या फेरीत सलग पाऊस, दुपारी सुटे सुटे. दुपारी पहिल्या कोनापर्यंत स्विफ्टच्या बरोबरीनं पोचलो, व्हिडिओ पाहिला. दुसरा गिअर टाकलाच नाही, कोन पंचवीस-एक पावलांवर होता.

पण नवीन दुखणं. चाकं थोडी घसरली की पुढून धडधड-धडधड असा दणका येतो, स्टीअरिंग थरथरतं. रेस कमी केली की थांबतो.

खडी_क्रशर (संभाजीनगर)

टायर पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो आणि इंजिन माउंटवर पुढंमागं नाचतं. व्हील हॉप म्हणतात त्याला. तो दणका आला की रेस लगेच सोडायची, दामटायचं नाही, शाफ्ट आणि गिअरबॉक्सचं केसिंग दोन्ही धोक्यात येतं.

टायरमधली हवा किती होती? पुढं दोन-तीन पीएसआय कमी करून बघ, पण मैदानात टोकदार खडे असतील तर नको, साइडवॉल फाटते. आणि गाडी उचलून खालचा माउंट बघून घे, जो गिअरबॉक्सला सबफ्रेमशी बांधतो तो. त्याचं रबर चिरलेलं निघेल असा माझा अंदाज आहे. नवीन घालताना बोल्ट जुने वापरू नकोस.

निळी_पोलो (जालना)

हवा ३३ होती. गाडी उद्या लिफ्टवर घेतो, फोटो टाकतो.

लातूरकर_डिझेल

फोटो टाक भौ. आमच्या डिझेललाही तसंच दणके येऊलालेत, आणि मी तर मैदानावर जातही नाही.